मोजपट्टी आणि निदान : डॉ. कीथ कॉनर्स यांच्या संशोधनाची अर्धशताब्दी

वैद्यकात जे मोजता येते त्याला प्रतिष्ठा लवकर मिळते. ज्वराला तापमापक आहे, पांडुरोगाला रक्ततपासणी आहे, प्रमेहाला शर्करेचा आकडा आहे. परंतु ‘मूल एका जागी बसत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही, हाती घेतलेले काम अर्धवट सोडते’ अशी तक्रार घेऊन माता-पिता येतात, तेव्हा नेमके काय मोजावे आणि कशाने मोजावे, हा प्रश्न उभा राहतो. अवधान-न्यूनता व अतिचंचलता, म्हणजेच ‘एडीएचडी’ ह्या नावाने परिचित असलेल्या विकाराचे निश्चित निदान करणारी रक्ताची किंवा मेंदूच्या चित्रणाची सर्वमान्य चाचणी आजही उपलब्ध नाही. निदान होते ते मुलाच्या वर्तनाविषयी मोठ्यांनी सांगितलेल्या हकिकतीवरून.

ह्या हकिकतीला आकड्यांची शिस्त लावण्याचे काम ज्या संशोधकाने केले, ते अमेरिकन चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ डॉ. कीथ कॉनर्स. त्यांच्या नावाच्या मापनश्रेणी आज जगभर वापरल्या जातात. ह्याच कॉनर्स यांनी वयाच्या ऐंशीव्या वर्षी, आपण ज्या विकारासाठी आयुष्य वेचले त्याच्या निदानांची वाढलेली संख्या विश्वासार्ह नसल्याचे जाहीरपणे सांगितले. असे त्यांना का म्हणावे लागले, हे समजून घेणे चिकित्सकाला आणि औषधविक्रेत्यालाही उपयुक्त आहे; कारण हा प्रश्न निदानाला मिळणाऱ्या वेळेचा आणि औषधाच्या खपाचा, असा दोहोंचा आहे.

पूर्वपीठिका

कॉनर्स ह्या क्षेत्रात येण्यापूर्वी सुमारे पाव शतक आधी एक योगायोग घडला होता. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात वर्तनसमस्या असलेल्या मुलांसाठी ब्रॅडली होम नावाचे रुग्णालय होते. तेथील डॉ. चार्ल्स ब्रॅडली मेंदूच्या क्ष-किरण तपासणीसाठी मुलांच्या कण्यातील द्रव काढून तेथे हवा भरीत. त्यामुळे होणाऱ्या तीव्र डोकेदुखीवर उपाय म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक द्रव्य देऊन पाहिले. डोकेदुखीवर विशेष परिणाम दिसला नाही. परंतु काही मुले वर्गात एकदम मन लावून अभ्यास करू लागल्याचे शिक्षकांनी सांगितले. १९३७ साली ब्रॅडली यांनी तीस मुलांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांपैकी सुमारे निम्म्या मुलांच्या शालेय कामात ठळक सुधारणा दिसली होती.

उत्तेजक औषधाने चंचल मूल स्थिर व्हावे, हा विरोधाभास लक्ष वेधणारा होता. तथापि त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, निरीक्षकांना औषध कोणाला दिले आहे हे ठाऊक होते आणि सुधारणा मोजण्याचे ठरलेले साधनही नव्हते. पुढे १९४४ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ लिआंद्रो पानिझ्झोन यांनी मिथाइलफेनिडेट हे द्रव्य तयार केले. त्यांच्या पत्नीच्या ‘रीटा’ ह्या लाडक्या नावावरून ते ‘रिटालिन’ म्हणून बाजारात आले. औषध आले, ते मुलांमध्ये खरोखर काय करते हे तपासायचे राहिले होते.

खाणगावातून बाल्टिमोरला

कार्मेन कीथ कॉनर्स यांचा जन्म १९३३ साली अमेरिकेच्या युटा राज्यातील बिंगहॅम ह्या तांब्याच्या खाणीच्या गावी झाला. शालेय शिक्षण पूर्ण होण्याआधीच त्यांना शिकागो विद्यापीठात प्रवेश मिळाला. त्यानंतर ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डला गेले आणि १९६० साली हार्वर्ड विद्यापीठातून त्यांनी चिकित्सा-मानसशास्त्रात पीएच.डी. मिळवली.

त्या काळातील बालमानसचिकित्सा प्रामुख्याने मनोविश्लेषणाच्या प्रभावाखाली होती. मुलाच्या वर्तनाचे मूळ आईच्या वागण्यात शोधले जाई आणि उपचार म्हणजे दीर्घकाळ चालणारा संवाद. उपचाराने गुण आला की नाही, हे उपचार करणाराच ठरवी. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात बालमानसरोगतज्ज्ञ डॉ. लिऑन आयझेनबर्ग ह्या पद्धतीवर समाधानी नव्हते. मुलांना दिली जाणारी औषधे प्लासिबोशी, म्हणजे औषधासारख्याच दिसणाऱ्या निरौषध गोळीशी, ताडून पाहावीत असा त्यांचा आग्रह होता. तरुण कॉनर्स त्यांच्या चमूत सामील झाले. कॉनर्स हे वैद्यकीय पदवीधर नव्हते, त्यामुळे औषध लिहून देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. संख्याशास्त्र आणि चाचण्यांची रचना हे त्यांचे सामर्थ्य होते. १९६३ साली ह्या दोघांनी मिथाइलफेनिडेटचा अस्वस्थ मुलांच्या लक्षणांवर व शिकण्यावर होणारा परिणाम तपासणारा अभ्यास प्रसिद्ध केला. बालकांतील ह्या औषधाच्या शास्त्रशुद्ध परीक्षणाची सुरुवात तेथून धरली जाते.

मापनश्रेणीचा जन्म

अशा परीक्षणात एक अडचण पदोपदी येई. डॉक्टरांसमोर पंधरा मिनिटे बसलेले मूल बहुधा शांत असते. नवी जागा, अनोळखी माणूस, आईवडिलांची उपस्थिती ह्यांमुळे त्याचा नेहमीचा स्वभाव प्रकट होत नाही. त्याला रोज पाच-सहा तास, इतर मुलांच्या सोबत आणि कंटाळवाण्या कामात गुंतलेले पाहणारी व्यक्ती म्हणजे शिक्षक. तेव्हा शिक्षकाचे निरीक्षण हेच मोजमापाचे द्रव्य मानावे, हा विचार कॉनर्स यांनी केला.

त्यांनी शिक्षकांच्या नेहमीच्या तक्रारी साध्या शब्दांत मांडल्या : सतत चुळबुळ करतो, दिवास्वप्नात रमतो, इतर मुलांना त्रास देतो. प्रत्येक विधानापुढे ‘मुळीच नाही’, ‘थोडेसे’, ‘बरेच’ आणि ‘फारच’ अशा चार पायऱ्या ठेवून त्यांना शून्य ते तीन गुण दिले. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या शिक्षक-मापनश्रेणीत एकोणचाळीस विधाने होती. त्यानंतर पालकांसाठीही तशी श्रेणी तयार झाली आणि वारंवार वापरण्यासाठी दहा विधानांची संक्षिप्त आवृत्तीही आली. कोणती लक्षणे एकत्र आढळतात हे त्यांनी घटक-विश्लेषण ह्या संख्याशास्त्रीय पद्धतीने शोधले. आक्रमक मूल, चिंताग्रस्त मूल, स्वप्नाळू मूल आणि अतिचंचल मूल ह्यांना ‘त्रासदायक’ ह्या एकाच शिक्क्याखाली ठेवू नये, हे त्यातून आकड्यांनी दिसू लागले.

येथे एक बाब वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी. १९६९ च्या त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच, ही श्रेणी मुलांवरील औषध-अभ्यासांत वापरण्यासाठी आहे, असे स्पष्ट म्हटले होते. औषध देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर त्याच मुलात किती फरक पडला हे पाहण्याचे ते साधन होते. मुलाला विकार आहे की नाही, हा निवाडा त्या कागदाने करावा अशी मूळ योजना नव्हती.

पुढे कॉनर्स यांनी अवधानाची संगणकीय चाचणीही विकसित केली. तिच्यात पडद्यावर एकामागून एक अक्षरे येतात; ‘एक्स’ सोडून प्रत्येक अक्षराला मुलाने कळ दाबायची असते. सुमारे चौदा मिनिटे चालणारे हे काम मुद्दाम कंटाळवाणे ठेवलेले आहे. हातून सुटलेली अक्षरे, ‘एक्स’वर चुकून दाबलेली कळ आणि प्रतिसादाच्या वेळेतील चढउतार ह्यांवरून अवधान व आवेग ह्यांचा अंदाज घेतला जातो. हीदेखील पूरक चाचणी आहे. केवळ तिच्या निकालावर निदान करता येत नाही.

दरम्यान विकाराचे नावही बदलत गेले. १९६८ च्या अमेरिकन वर्गीकरणात ‘बालपणातील अतिचंचल प्रतिक्रिया’ असा उल्लेख होता. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया डग्लस यांनी १९७२ साली, ह्या मुलांची मुख्य अडचण हालचालीची नसून अवधान टिकवण्याची व आवेग आवरण्याची आहे, असे प्रतिपादन केले. १९८० साली वर्गीकरणाने अवधानाला अग्रस्थान दिले आणि १९८७ साली आजचे ‘एडीएचडी’ हे नाव आले.

औषधाविना उतरणारे गुण

मापनश्रेणी वापरात आल्यावर एक चमत्कारिक गोष्ट संशोधकांच्या ध्यानी आली. त्याच शिक्षकाने किंवा पालकाने तीच श्रेणी काही दिवसांनी पुन्हा भरली, तर मधल्या काळात कोणताही उपचार न करताही लक्षणांचे गुण कमी होतात.

कारणे साधी आहेत. पालक तक्रार घेऊन येतात ते मुलाचे वर्तन सर्वांत असह्य झालेले असताना. त्या टोकावरून ते काही प्रमाणात स्वभावतःच खाली येते. शिवाय तक्रार एकदा कागदावर उतरली आणि कोणी ती गांभीर्याने ऐकली, की तक्रार करणाऱ्याची तीव्रता ओसरते. म्हणून संशोधनात अशी शिस्त रूढ झाली की, उपचार सुरू करण्याआधी श्रेणी दोनदा भरून घ्यावी आणि दुसऱ्या नोंदीपासून तुलना करावी.

कोणत्याही चिकित्सापद्धतीत काम करणाऱ्याने हे निरीक्षण मनावर कोरून ठेवावे असे आहे. पहिल्या भेटीनंतर महिन्याभराने ‘मुलात फरक वाटतो’ असे पालकांनी सांगितले, तर त्या फरकात औषधाचा वाटा किती आणि काळाचा वाटा किती, हे एका नोंदीवरून कधीच कळत नाही.

आहाराची परीक्षा

१९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को येथील अॅलर्जीतज्ज्ञ डॉ. बेंजामिन फाइनगोल्ड यांनी एक खळबळजनक मत मांडले. कृत्रिम रंग, कृत्रिम स्वाद आणि सफरचंद, संत्रे, टोमॅटो अशा पदार्थांतील नैसर्गिक सॅलिसिलेट आहारातून वगळले, तर अतिचंचल मुलांपैकी पुष्कळांना आराम पडतो, असे त्यांचे सांगणे होते. औषधाला पर्याय शोधणाऱ्या पालकांनी हा आहार उत्साहाने स्वीकारला. अनेक तज्ज्ञांनी तो हसण्यावारी नेला. कॉनर्स यांनी दोन्ही टाळून तो तपासला.

आहाराचे परीक्षण औषधाहून कठीण असते. घरातील एका मुलासाठी वेगळा आहार सुरू झाला की आईचे त्याच्याकडे लक्ष वाढते, बाहेरचे खाणे थांबते, जेवणाच्या वेळा नियमित होतात. ह्यांपैकी गुण कशाचा? म्हणून कॉनर्स व सहकाऱ्यांनी तुलनेसाठी दुसरा, पाळण्यास तितकाच जिकिरीचा आहार तयार केला. पंधरा मुलांना दोन्ही आहार आळीपाळीने दिले आणि श्रेणी भरणाऱ्यांना कोणता आहार चालू आहे हे कळू दिले नाही. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, फाइनगोल्ड आहाराच्या काळात शिक्षकांना लक्षणांत लक्षणीय घट दिसली. पालकांना मात्र दोन आहारांत तसा फरक दिसला नाही. आहारांच्या क्रमाचाही निकालावर परिणाम दिसत होता. संशोधकांनी सावध शब्दांत, अधिक तपासणी हवी, एवढेच म्हटले.

पुढील टप्प्यात त्यांनी उलट बाजूने परीक्षा घेतली. आहाराने सुधारलेली वाटणारी मुले निवडून त्यांना काही दिवस कृत्रिम रंग घातलेली बिस्किटे आणि काही दिवस बिनरंगाची बिस्किटे दिली. मोठा व सातत्याने दिसणारा फरक आढळला नाही. १९८० साली ह्या विषयावरील आपल्या पुस्तकात त्यांनी निष्कर्ष मांडला की, बहुसंख्य मुलांच्या बाबतीत फाइनगोल्ड यांचा दावा टिकत नाही. काही थोड्या मुलांवर परिणाम होत असणे शक्य आहे.

हा विषय तेथे संपला नाही. २००७ साली इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या अभ्यासात, सर्वसाधारण समाजातील तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांवर कृत्रिम रंग व सोडियम बेंझोएट ह्यांच्या मिश्रणाचा लहानसा परंतु मोजता येणारा परिणाम दिसला. मोठ्या मुलांचे अवधान मोजण्यासाठी तेथे कॉनर्स यांचीच संगणकीय चाचणी वापरली होती. २०१० च्या जुलैपासून युरोपीय संघात सहा ठरावीक रंग असलेल्या खाद्यपदार्थांवर मुलांच्या वर्तनाविषयीची सूचना छापणे बंधनकारक झाले. त्या सहांपैकी टारट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पॉन्सो फोर-आर हे रंग भारतीय अन्ननियमांच्या अनुज्ञात यादीतही आहेत. २०१२ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोएल निग व सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित विचार करून, एडीएचडी असलेल्या सुमारे आठ टक्के मुलांच्या लक्षणांचा कृत्रिम खाद्यरंगांशी संबंध असावा, असा अंदाज दिला. साखरेबाबत मात्र १९९५ च्या एकत्रित विश्लेषणात मुलांच्या वर्तनावर परिणाम सिद्ध झाला नाही, जरी ‘गोड खाल्ल्याने मूल उधळते’ ही समजूत सर्वत्र पक्की असली तरी.

म्हणजे आहार हे सर्व मुलांचे कारण नाही आणि निरर्थकही नाही. काही मुलांत तो महत्त्वाचा आहे, आणि ती मुले कोणती हे प्रत्येक मुलाच्या बाबतीत पाहूनच ठरवावे लागते. रंगीत व सुगंधित बालसिरप विकणाऱ्यांनी वेष्टनावरील घटकांची यादी वाचण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

तेच औषध, वेगळा परिणाम

१९८९ पासून कॉनर्स उत्तर कॅरोलिनातील ड्यूक विद्यापीठात होते. १९९६ साली त्यांच्या संपादकत्वाखाली केवळ अवधान-विकारांना वाहिलेले नियतकालिक निघाले. ह्याच काळात अमेरिकन शासनाच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने हाती घेतलेल्या मोठ्या बहुकेंद्री अभ्यासात ते एक प्रमुख संशोधक होते. सात ते नऊ वर्षे वयोगटातील ५७९ मुलांचे चार गट केले गेले : काळजीपूर्वक दिलेले औषध, सघन वर्तनोपचार, दोन्ही एकत्र, आणि गावातील नेहमीच्या डॉक्टरांकडील उपचार. चौदा महिन्यांनंतरचे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये जाहीर झाले. अवधान व चंचलता ह्या मुख्य लक्षणांवर औषधाचे दोन्ही गट सरस ठरले. ‘औषधच श्रेष्ठ’ अशी बातमी सर्वत्र झाली.

परंतु त्या आकड्यांत एक महत्त्वाची गोष्ट दडलेली होती. नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलेल्या मुलांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मुलांनाही त्याच प्रकारचे औषध मिळत होते, तरी त्यांची सुधारणा कमी होती. अभ्यासातील मुलांची मात्रा सुरुवातीला बारकाईने निश्चित केलेली होती, दर महिन्याला सुमारे अर्ध्या तासाची भेट होती आणि शिक्षकांकडून माहिती घेतली जात होती. बाहेर मात्र वर्षातून मोजक्या व त्रोटक भेटी होत. औषध तेच, देण्याची रीत वेगळी आणि परिणामही वेगळा.

२००१ साली कॉनर्स व सहकाऱ्यांनी त्याच माहितीचे वेगळ्या रीतीने विश्लेषण केले. निरनिराळी मोजमापे एकत्र करून पाहिल्यावर, औषध व वर्तनोपचार एकत्र देणे हे केवळ औषधापेक्षा सरस असल्याचे दिसले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांनंतरच्या पाहणीत मूळ गटांतील फरक नाहीसे झालेले होते.

मोजपट्टी बाजारात

एव्हाना मापनश्रेणीचा प्रवास प्रयोगशाळेबाहेर झाला होता. टोरांटो येथील चाचणी-प्रकाशकामार्फत ती विकत मिळू लागली आणि तिच्या सुधारित आवृत्त्या १९९७ व २००८ साली आल्या. काटेकोरपणे वापरली तर ती उत्तम साधन आहे. परंतु घाईच्या बाह्यरुग्ण विभागात तिचा उपयोग वेगळाच होऊ लागला : शिक्षकाने भरलेला कागद, त्यावरील वाढलेले गुण, आणि लगेच औषधाची चिठ्ठी. जो कागद औषधाची परीक्षा घेण्यासाठी जन्मला, तोच औषधाचे प्रवेशपत्र झाला.

ड्यूक विद्यापीठातीलच संशोधकांनी उत्तर कॅरोलिनाच्या डोंगराळ भागातील मुलांची अनेक वर्षे पाहणी केली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, निश्चित एडीएचडी असलेल्या मुलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांना औषध मिळत होते, परंतु मुली त्यात मागे पडत होत्या. दुसरीकडे, औषध घेणाऱ्यांपैकी बहुसंख्य मुलांच्या पालकांनी दैनंदिन जीवन बिघडवणारे एडीएचडीचे लक्षण कधीही नोंदवले नव्हते. ज्यांना गरज आहे अशी काही मुले वंचित, आणि ज्यांना गरज नाही अशी पुष्कळ मुले औषधावर, असे हे दुहेरी अपयश होते.

जाहिरातींनी त्यात भर घातली. सप्टेंबर २०१४ मध्ये शायर ह्या औषधकंपनीने एडीएचडीच्या औषधांसह काही उत्पादनांच्या विपणनाविषयीच्या आरोपांच्या प्रकरणात अमेरिकन शासनाशी ५ कोटी ६५ लाख डॉलरची तडजोड केली.

२०११-१२ च्या अमेरिकन राष्ट्रीय सर्वेक्षणात चार ते सतरा वयोगटातील अकरा टक्के मुलांना कधी ना कधी हे निदान मिळाल्याचे पालकांनी सांगितले; सुमारे पस्तीस लाख मुले औषध घेत होती. १९९० साली ही संख्या सुमारे सहा लाख होती. डिसेंबर २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ह्या विषयावर सविस्तर वृत्तांत छापला, त्यात कॉनर्स यांचे म्हणणे होते. आकडे पाहता साथ आल्यासारखे वाटते, पण तशी साथ नाही. अभूतपूर्व प्रमाणात औषधे वाटण्याचे समर्थन करण्यासाठी ही संख्या रचली गेली आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सहकारी तज्ज्ञांसमोरही त्यांनी ह्या अतिनिदानाला राष्ट्रीय आपत्ती म्हटले होते.

त्यांच्या टीकेचा अर्थ नीट लावला पाहिजे. एडीएचडी हा विकारच काल्पनिक आहे, असे ते म्हणाले नाहीत. खरोखर ग्रस्त असलेल्या मुलाचे शिक्षण, मैत्री आणि आत्मविश्वास ह्यांची ह्या विकाराने होणारी हानी त्यांनी अर्धशतक पाहिली होती, आणि योग्य मुलाला योग्य मात्रेत दिलेल्या औषधाचा लाभही स्वतः मोजला होता. त्यांचा आक्षेप निदानाच्या घाईवर होता. जुलै २०१७ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आपल्या चिकित्सालयात आणि दुकानात

भारतात मिथाइलफेनिडेट हे मादक द्रव्ये व मनःप्रभावी पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याच्या कक्षेत येते, त्यामुळे त्याच्या विक्रीवर बंधने आहेत. आपल्याकडे येणारे पालक बहुधा ‘बुद्धी वाढवणारे’, ‘लक्ष लागणारे’ सिरप मागतात. चिठ्ठी न लागणारी वस्तू देताना निदानाची गरज नाही, असा समज सहज होतो. तो बाळगू नये. कॉनर्स यांच्या कार्यातून काही व्यावहारिक सूत्रे हाती लागतात.

पहिले, हकिकत एकाहून अधिक ठिकाणची घ्यावी. प्रचलित निकषांनुसार लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी सुरू झालेली, सहा महिने टिकलेली, घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी आणि जीवनात प्रत्यक्ष अडथळा आणणारी असावी लागतात. फक्त शाळेत किंवा फक्त घरी आढळणाऱ्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा त्या जागेतच असते.

दुसरे, मुलाची जन्मतारीख विचारावी. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवर आधारलेल्या, २०१२ सालच्या अभ्यासात, वर्गातील सर्वांत लहान मुलग्यांना हे निदान मिळण्याची शक्यता सर्वांत मोठ्या मुलग्यांपेक्षा तीस टक्क्यांनी अधिक होती. मुलींमध्ये तर सत्तर टक्क्यांनी. वर्षभराने लहान मूल वर्षभराइतके अपरिपक्व असणारच. तो रोग नव्हे.

तिसरे, अन्य कारणे शोधावीत. ऐकू कमी येणे, दृष्टिदोष, अपुरी झोप, घोरणे व श्वास अडखळणे, रक्ताल्पता, अवटू ग्रंथीचे विकार, सूक्ष्म अपस्मार, वाचनाक्षमता, घरातील भय : ह्या सर्वांचे दर्शनी रूप ‘लक्ष लागत नाही’ हेच असते. १९७९ साली डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी बोस्टन परिसरातील मुलांच्या दुधाच्या दातांतील शिसे मोजले. ज्यांच्या दातांत शिसे अधिक, त्यांच्याविषयी शिक्षकांच्या तक्रारीही अधिक होत्या. म्हणून बालकांसाठीच्या प्रत्येक कल्पाच्या जड धातूंच्या तपासणीचा अहवाल उत्पादकाकडून मागून घ्यावा.

चौथे, उपचारापूर्वी दोन नोंदी आणि उपचारानंतर ठरावीक अंतराने नोंदी ठेवाव्यात. शक्य तेव्हा त्या शिक्षकांकडून घ्याव्यात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी ही मेध्य रसायने सांगितली आहेत. त्यांचा एडीएचडीमधील उपयोग सांगायचा असेल, तर मिथाइलफेनिडेटला जी कसोटी लावली गेली तीच त्यांनाही लागू पडते. विमानस्थानात मनाची परीक्षा, ते आपल्या विषयाला किती धरून राहते ह्यावरून, अनुमानाने करावी असे म्हटले आहे. अनुमानाला वेळ लागतो आणि वारंवार निरीक्षण लागते.

पाचवे, मुलाला आधीपासून तज्ज्ञांचे औषध चालू असेल तर ते परस्पर बंद करण्याचा सल्ला देऊ नये. भूक मंदावणे, झोप उडणे, वाढीचा वेग कमी होणे असे उपद्रव दिसल्यास ते नोंदवून त्या तज्ज्ञांना कळवावेत. दुकानदारांनी पालकांचे वर्णन ऐकून स्वतः निदान करू नये. बालरोगतज्ज्ञ, मानसरोगतज्ज्ञ किंवा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ ह्यांच्याकडे पाठवावे. भारतीय मुलांसाठी इन्क्लेन ह्या संशोधन-संस्थेच्या चमूने विकसित केलेले निदान-साधन २०१४ पासून उपलब्ध आहे.

कॉनर्स यांच्या श्रेणीत प्रत्येक विधानापुढे खूण करण्यास काही क्षण पुरतात, आणि तिचा मोह तेथेच आहे. त्या खुणेमागचे मूल समजून घेण्यास दोन-तीन भेटी, शाळेला एक चिठ्ठी आणि आईवडिलांशी निवांत बोलणे लागते. एवढा वेळ दिल्यावर काही मुलांना एडीएचडी असल्याचे निश्चित होईल आणि त्यांना पूर्ण उपचार मिळतील. काहींना चष्मा लागेल, काहींना लोह, काहींना वाचन शिकवणारा कोणी तरी, आणि काहींना वर्षभराची उसंत.